अर्धा आटा

साबुदाणा वडा तोंडात टाकायच्या आधी त्याचं माप घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, गुलाबराव तायडे. बायकोने गरम वड्यांची ताटली पुढे ठेवली, तर यांनी खिशातून जाडी मोजायचा व्हर्निअर काढला, वड्याला लावला आणि म्हणाले, "वैनी, मधात जाड राह्यला. अर्धा आटा अजून दाबा लागत होता." बायको ताटली उचलून आत गेली. थोड्या वेळाने ती परत आली, वडे काही आले नाहीत.

आटा म्हणजे गव्हाचा नव्हे. स्क्रूला असतात ते आटे. गुलाबभाऊंचं सगळं जग अर्ध्या अर्ध्या आट्याने घट्ट नाहीतर ढिलं होतं. भाजीत मीठ जास्त झालं, अर्धा आटा. नवरदेवाच्या मामाचं भाषण लांबलं, अर्धा आटा. आमच्या अमरावतीतल्या गल्लीचं मत असं, की त्यांना आट्यांची एवढी काळजी, कारण त्यांचा स्वतःचा एक ढिला आहे.

आता गल्लीला दोष तरी कसा द्यायचा? गुलाबभाऊ घरात विमान बांधतात. खेळण्यातलं नाही, दोन माणसं बसतील असं. आयुष्यभर त्यांनी बसच्या बॉडीला पत्रे जोडले. रिटायर झाल्यावर म्हणाले, "जिंदगीभर जोडलं ते सारं जमिनीवरच चाललं. एक तं वर जाऊ द्या." त्यांची बायको वारून सहा वर्षं झाली, मुलगी अकोल्याला दिलेली. म्हणजे 'घरात विमान नको' म्हणायला कोणी उरलं नाही. शेपूट स्वयंपाकघरात आहे, डावा पंख हॉलमध्ये लाकडी घोड्यांवर आडवा. आपण पंखाखालून वाकून जायचं आणि पलीकडे खुर्चीवर बसायचं.

"जासान कुठं हे घेऊन?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "अकोल्याले. पोरगी म्हंते, बाबा येत नाही. बसनं जातो तं दोन दिवस कंबर धरून बसा लागते." डॉक्टरने यंदाच सांगून ठेवलंय, डोळे आणि छाती अजून दोनेक वर्षं साथ देतील, पुढचं सांगता येत नाही. म्हणजे उडायचं तर त्याच्या आत. घाई म्हणतात ती हीच, आणि या गृहस्थाला घाई माहीतच नाही!

त्यांचं लाडकं हत्यार म्हणजे रिव्हेट, म्हणजे पत्र्याला पत्रा जोडायचे बिनआट्याचे खिळे, दाबायचा स्क्वीझर. दोन लांब दांड्यांची दणकट पक्कडच. तिच्या जबड्यात एक स्क्रू. तो फिरवला की फट कमीजास्त होते, आणि रिव्हेटची शेपटी, म्हणजे पलीकडे निघालेलं टोक, किती चपटी व्हायची ते त्या फटीवर ठरतं. शेपटी रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच व्हायला हवी. झाली नाही तर वर आभाळात काय होईल ते सांगायची गरज नाही.

म्हणून गुलाबभाऊ आधी भंगार पट्टीवर एक रिव्हेट दाबतात. मोजतात. अर्धा आटा फिरवतात. दुसरा दाबतात. मोजतात. चष्मा पुसतात. अर्ध्याचा अर्धा आटा मागे घेतात. असा पाऊण तास जातो, मग पंखावर तीन रिव्हेट लागतात, आणि तेवढ्यात पत्र्याची जाडी बदलते. पुन्हा भंगार पट्टी.

"आधी कमीच दाबाव सर," ते मला समजावतात. "कमी दाबलेलं मांगून दाबता येते. जास्त दाबलं का काढाच लागते." हाच सल्ला त्यांनी गल्लीतल्या एका भांडकुदळ जोडप्यालाही दिला. आश्चर्य म्हणजे, लागू पडला.

मी रिटायर मास्तर. पोरांना पस्तीस वर्षं शुद्ध मराठी शिकवलं. राग आला की मात्र माझं शुद्ध मराठी सुटतं. रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला जायचो, चादर घातलेल्या त्यांच्या टेबलावर कप ठेवायचो आणि टोमणे मारायचो. दोन वर्षं हेच. पंखाच्या कडा कधीच्या झाल्या होत्या. मधला सगळा पत्रा मात्र नुसत्या स्प्रिंगच्या पिनांवर धरलेला.

"मधलं कधी?"

"स्क्वीझरचं तोंड वीतभर. मधात पोचत नाही."

"मग?"

"पाहू."

गेल्या महिन्यात ते चहा टाकायला आत गेले. माझा चष्मा पडून पलंगाखाली गेला. काढायला वाकलो तर तिथे खोकं. खोक्यात हवेवर चालणारी रिव्हेट ठोकायची गन, कोरी करकरीत, आणि सोबत लोखंडाचा एक गुळगुळीत ठोकळा.

"भाऊ, हे काय?"

ते कप घेऊन दारातच थांबले. "आवाज लय करते ते. वैनीची झोपमोड होईल."

"माझी बायको लग्नाच्या बँडपुढे झोपते."

"हवेचा कॉम्प्रेसर लागते त्याले."

मी त्या टेबलावरची चादर ओढली. खाली टेबल नव्हतंच, कॉम्प्रेसर होता. दोन वर्षं मी त्याच्यावर चहा पीत होतो.

मग मात्र माझं सुटलं. "अरे बाप्पा, तुमाले उडाचं हाये का नाही? डॉक्टर का जलमभर थांबन? काहून लपवून ठेवलं हे?"

गुलाबभाऊंनी कप खाली ठेवले. "गनीले दोन मानसं लागतात सर. एक वरून मारते, दुसरा खालून लोखंड धरून बसते."

"मंग मले सांगाचं ना!"

त्यांनी पंखावरची एक ढिली पिन दाबून बसवली.

"भाच्याले सांगतलं होतं. दोन दिवस आला, मंग रस्ताच बदलला त्यानं. कारखान्यातल्या दोस्ताले सांगतलं, त्याचा फोन लागत नाही आता. काम सांगतलं का मानसाचं येनंच बंद होते. तुमी रोज येता. इमानाचं काय, होईल कवाही."

मला खरंच लाज वाटली. दोन वर्षं मी 'कधी, कधी' विचारत होतो. 'धरू का' असं एकदाही विचारलं नव्हतं. मी बाह्या वर केल्या आणि विचारलं, "कोणत्या बाजूला बसू?"

पंखाखाली मांडी घालून मी दोन्ही हातांनी ठोकळा धरला. गन कडाडली आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. तासाभरात नऊ रिव्हेट झाले. दहाव्याला गुलाबभाऊ थांबले. पंखाखाली वाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हात दुखला असन तं उद्या नका धरू, सर. नुसते चहाले या. पन या."

हात सणकून दुखत होता. "दुखत नाही," मी म्हणालो, "मारा पुढचा."