बेसमेंटमधला जव

सासूबाई तीन महिने डब्लिनला येणार म्हटल्यावर संग्रामने बेसमेंटमधल्या पिंपावर चादर टाकली आणि सुटलो एकदाचा असं मानलं. मार्चमध्ये बिअर घालायची, उन्हाळाभर गारव्यात मुरवायची आणि शरदात ऑक्टोबरफेस्टच्या जर्मन बिअर-उत्सवात उघडायची, हा त्याच्या बिअर-क्लबचा रिवाज. पण पिंपाशेजारी उरलेल्या जवाचं पोतं होतं, आणि सुमित्राबाईंच्या नजरेतून पोतं कधी सुटलंय?

"संग्रामराव, एवढा जव कशाला?"

"मूतखडा आहे ना, आई. बार्लीचं पाणी पितो."

संध्याकाळपर्यंत सगळ्या साताऱ्याला जावयाचा मूतखडा ठाऊक झाला.

घटस्थापनेला संग्रामची बायको राधिका इंडियन स्टोअरमधून गहू आणायला विसरली. सुमित्राबाई अडून बसणाऱ्यातल्या नव्हेत. मुलगी-जावई ऑफिसात असताना त्यांनी पोत्यातला जव पेरला आणि घट बसवला. संध्याकाळी ते पाहून संग्रामने राधिकाला स्वयंपाकघरात ओढलं. बिअरचा जव आधीच मोड आणून भट्टीत वाळवलेला असतो. तो पुन्हा कसला उगवतोय!

"आईला सांगून टाक," राधिका म्हणाली.

"वेडी आहेस का? जावई घरात दारू गाळतो म्हणून सांगू?"

इतरांचे हिरवेगार घट व्हॉट्सॲपवर येऊ लागले. इथे नुसती माती. सुमित्राबाईंनी उपासाचं खाणंही सोडलं आणि पाण्यावर राहू लागल्या. "माझंच काही चुकलं असेल. देवीला नाही यायचं या घरात," असं म्हणून त्या पदर डोळ्यांना लावत. संग्रामला बघवेना. त्याने गुपचूप बिअर घालताना पिंपाला ऊब द्यायचा विजेचा हीटिंग बेल्ट घटाभोवती गुंडाळला. ओला जव रात्रभर ऊब खात राहिला आणि सकाळी देवघरात दारूच्या गुत्त्याचा वास दरवळला.

"नासला गं घट!" सुमित्राबाईंनी देवीसमोर कान धरले.

आता मात्र संग्रामने पाय धरले. पिंप, पोतं, भट्टी, मूतखडा, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

सुमित्राबाईंनी डोळे पुसत विचारलं, "म्हणजे देवी रागावलेली नाही?"

"नाही हो, आई. मीच खोटं बोललो."

"अहो, मग आधी बोलायचं! इथे माझा जीव चाललाय भुकेनं. राधिके, साबुदाणा भिजवलायस का?"

त्याच दिवशी गहू आला, नव्याने पेरला, आणि दसऱ्यापर्यंत हातभर नसला तरी बोटभर नक्की उगवला.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी ऑक्टोबरफेस्टला सुमित्राबाई "नुसती बघायला" आल्या. संग्रामच्या जर्मन टोपीत खोचायला पीस नव्हतं. त्यांनी पिशवीतून घटाचा तुरा काढून गावाकडे दसऱ्याला खोवतात तसा टोपीत खोवला. क्लबातल्या गोऱ्यांनीही टोप्या पुढे केल्या. पिंप उघडलं, पेले भरले, आणि नेमका साताऱ्याहून लतिकामावशींचा व्हिडिओ कॉल आला.

"अगं सुमे, जावयाचा मूतखडा कसा आहे?"

संग्रामचा पेला हवेतच थांबला. सुमित्राबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग फोनचा कॅमेरा शांतपणे त्याच्याकडे वळवला.

"हे बघ ना, बार्लीचं पाणी घेतायत. बरंच आहे आता," त्या म्हणाल्या. "पण औषध सोडायचं नाही म्हणाले डॉक्टर."