टिन अंब्रेलाजचं सगळ्यात चांगलं गाणं

माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही. माझी सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली. पाइपाला नुसता हात लावून गळती कुठे आहे ते मी सांगायचो, आणि माणसांच्या बाबतीतही आपला हात तसाच चालतो, असं मला वाटायचं. म्हणून आमच्या दामिनीसाठी स्थळं यायला लागली तेव्हा लोक पत्रिका जुळवत होते आणि मी मुलांना दोन गाणी ऐकवत होतो.

हसू नका. त्यामागे विचार होता.

ऐंशीच्या दशकात मी नागपूरला इंजिनीअरिंगला होतो. होस्टेलमधली बाकीची पोरं गझला ऐकून उसासे टाकायची, मी टिन अंब्रेलाज ऐकायचो. इंग्रजांचा बँड. त्या प्रकाराला न्यू वेव्ह म्हणायचे. सिंथेसायझरचा टणटणाट, डोळ्यांत काजळ घातलेले पुरुष, आणि केस असे उभे की नुकताच चारशे चाळीसचा झटका बसलाय. आवाज मात्र इतका उदास, जणू मेसमध्ये आजही वांगंच आहे. तेव्हा दुकानदार कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचे. सीताबर्डीवरच्या एका दुकानातून मी त्यांची कॅसेट भरून घेतली होती.

पहिल्या बाजूला पहिलंच गाणं 'नेऑन पोस्टमन'. ते जगभर गाजलं. वरातीतसुद्धा वाजवता येईल असं गाणं, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर संशय. जे सगळ्यांनाच आवडतं त्यात काहीतरी भेसळ असणार. खरा माल दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी होता. त्याचं नाव कव्हरवर लिहिलेलंच नव्हतं. गाण्यातल्या शब्दांवरून मीच ते 'लास्ट विंडो' ठेवलं. पुढे इंटरनेट आल्यावर टिन अंब्रेलाजची सगळी गाणी शोधली, तर तिथे 'लास्ट विंडो' गायब. तेव्हाच मी ओळखलं की कंपनीने ते मुद्दाम दाबलंय. ते बाहेर आलं असतं तर पोस्टमनला कुत्रं विचारत नव्हतं.

तर परीक्षा अशी की दोन्ही गाणी लावायची आणि विचारायचं, कोणतं चांगलं? पोस्टमन म्हणाला तो घोळक्यातला माणूस. माझी बायको अनुसया पोस्टमनवालीच निघाली, पण ते लग्नानंतर कळलं.

सुमंत आमच्याकडे आला तो शनिवारी दुपारी. नागपूरच्या मिहानमध्ये दामिनीच्याच कंपनीत कामाला. घर उमरेडचं, वडील हातमागावर लुगडी विणणारे. पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, आता फक्त माझी पसंती उरली होती. जेवण झालं, मी पारशिवनीच्या वावराच्या गोष्टी सांगितल्या. कालव्याचं पाणी कसं येतं, धान कसा होतो, वडिलांनी ती जमीन कशी राखली. मग जुना डेक पुसून समोर आणला.

"पहिलं गाणं," मी म्हटलं आणि पोस्टमन लावलं.

सुमंत नीट बसून ऐकत होता. मी कॅसेट उलटली. 'लास्ट विंडो' सुरू झालं आणि पोराच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी आलं. आधी कपाळाला आठी पडली. मग त्याने खिशातून फोन काढला, हळूच डेकच्या दिशेने धरला, स्क्रीनवर पाहिलं आणि असा दचकला की फोनमधून विंचू निघाला असावा. फोन लगेच खिशात गेला.

मी सगळं पाहत होतो.

"सांग बाबू, कोणतं चांगलं?"

"दुसरं, काका." पण बघत होता टिपॉयकडे.

उत्तर बरोबर. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. बरोबर उत्तर देणारा माणूस टिपॉयकडे काहून पाहील? स्वयंपाकघराच्या दारात दामिनी उभी होती, तीही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायला लागली.

"काका, जरा एक फोन करून येऊ?" सुमंत म्हणाला आणि बाल्कनीत गेला.

मी कुंड्यांना पाणी द्यायला उठलो. कुंड्या बाल्कनीच्या खिडकीला लागूनच आहेत, त्याला माझा इलाज नाही. सुमंत कोणा मोहितशी बोलत होता. अर्धं वाऱ्यावर गेलं, पण जे ऐकलं ते पुरेसं होतं.

"नाही गा मोहित, ते त्यांचं नाहीच... आत्ताच पाह्यलं. रेकॉर्डवर नाव दुसऱ्याचं आहे... हो, वेगळीच पार्टी... काकांले कुठचं माहीत? ते तर छाती फुगवून सांगून राहिले... नाही, आत्ता नाही बोलत. लग्न होऊन जाऊ दे, मग पाहू."

माझ्या हातातल्या मगातून पाणी पायावर सांडत होतं.

छाती फुगवून मी सांगितलं काय होतं? वावर. रेकॉर्ड कशाचा असतो? वावराचा. पार्टी कुठे असते? वावराच्या व्यवहारात. म्हणजे हा पोरगा माझ्या घरचा वरणभात खाऊन माझ्या जमिनीचे कागद फोनवर पाहत होता. आणि लग्न होऊन गेल्यावर पाहणार होता.

त्याला चहा पाजून रवाना केलं. दुसऱ्या दिवशी तो आईवडिलांना घेऊन बोलणी पक्की करायला येणार होता. अनुसया खूश, दामिनी खूश. मी कोणाला काही बोललो नाही. कारण त्यापेक्षा वाईट विचार आता डोक्यात शिरला होता. पोरगा खोटं कशाला बोलेल? तो तर मित्राशी बोलत होता. म्हणजे वावर खरोखरच दुसऱ्याच्या नावावर असलं तर? आणि वावर पाहतं कोण? पारशिवनीत माझे थोरले भाऊ, नानाजी.

मी फोन लावला.

"भाऊ, आपलं वावर कोणाच्या नावावर आहे?"

तिकडे शांतता. बराच वेळ शांतता. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस इतका गप्प राहतो का? नंतर कळलं की त्यांच्या तोंडात घास होता.

"काहून?" ते म्हणाले.

"सहज."

"सहज कोनी वावर विचारते का गा?" आणि फोन बंद.

आता माझा त्यांच्यावर संशय होता आणि त्यांचा माझ्यावर. आमच्या घराण्यात ही गोष्ट साथीसारखी पसरते.

रविवारी सकाळी अनुसया पुऱ्यांचं पीठ मळत होती तेवढ्यात नानाजी दारात. पहिल्या बसने आले होते. शर्टाच्या आत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा. पाणीसुद्धा न पिता त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"हे पाह्य. तुह्यं तुह्या नावावर, माह्यं माह्या नावावर. आता मले खरं सांग. इकाले काढलं का?"

"मी कशाला विकू भाऊ?"

"मंग काल रात्रभर माह्या डोळ्याले डोळा नाही लागला तो काहून?"

मी त्यांना आत नेऊन सुमंतचं सगळं बोलणं सांगितलं. नानाजींनी मिशीवरून हात फिरवला. सातबारा तर चोख होता. मग आम्ही दोघांनी मिळून विचार केला, आणि दोघांनी मिळून विचार केला की मूर्खपणा दुप्पट होतो, हे आता सांगतोय. आमचा निष्कर्ष असा निघाला की पोरगा खोटा रेकॉर्ड तयार करतोय. लग्न झालं की कोणी परकी पार्टी दारात उभी राहणार आणि हा जावई तिच्या बाजूने साक्ष देणार.

"येऊ दे त्याले," नानाजी म्हणाले, आणि दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसले.

दुपारी मंडळी आली. सुमंत, त्याचे वडील, आई कामिनीबाई. वडिलांनी अनुसयासाठी स्वतः विणलेलं लुगडं आणलं होतं, काठाची नक्षी इतकी सुरेख की ती घडीसुद्धा मोडेना. सगळे बसले. पेढे उघडले. आणि पहिला पेढा तोंडात जायच्या आत नानाजींनी विचारलं,

"तुमच्या पोराले आमच्या वावराचा रेकॉर्ड कोनं दाखवला?"

सुमंतचे वडील पेढा हातात धरून थांबले. "कोणतं वावर जी?"

"त्यालेच इचारा."

सुमंत माझ्याकडे पाहायला लागला. "काका, मी कोणतं वावर पाह्यलं?"

"काल बाल्कनीत काय बोलत होता?" मी म्हटलं. "ते त्यांचं नाहीच, नाव दुसऱ्याचं आहे, लग्न होऊन जाऊ दे मग पाहू. हे मी माझ्या कानानं ऐकलं आहे."

पोराचा चेहरा पांढराफटक. नानाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की सापडला चोर. सुमंतने दामिनीकडे पाहिलं, मग परत टिपॉयकडे, आणि गप्प राहिला.

त्याचे वडील हळूच उठले. त्यांनी पेढा डब्यात परत ठेवला. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं.

"रुपरावजी, पोटापाण्यापुरतं विणून खातो आम्ही. दुसऱ्याच्या धाग्याले हात लावायची सवय नाही आमच्या घराले. तुम्हाले पोरगा पसंत नव्हता तर नाही म्हणायचं होतं. चाल वं कामिनी."

कामिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठल्या. अनुसया लुगडं छातीशी धरून उभी, ते परत द्यायचं की ठेवायचं तिला कळेना. दामिनी माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती. ती सरळ सुमंतसमोर जाऊन उभी राहिली.

"सांग नं गा. काय बोलत होता ते सांगून टाक."

"काकांले वाईट वाटन."

"लग्न मोडून राहिलं आहे, सुमंत. आणखी काय वाईट व्हायचं राह्यलं?"

"काका, मी वावराचं नव्हतो बोलत. गाण्याचं बोलत होतो. ते दुसरं गाणं टिन अंब्रेलाजचं नाहीच."

"म्हणजे?"

"गाणं ओळखायचं ॲप आहे फोनमध्ये. डेकसमोर धरलं तर दुसऱ्याच बँडचं नाव आलं. वुडन एअरपोर्ट नावाचा बँड. दुकानवाल्यानं उरलेल्या जागेत हाती लागलं ते भरून दिलं असन. मोहितले गाण्यांचं समजते म्हणून त्याले विचारलं."

त्याने फोनवर गाणं लावलं. तेच सिंथेसायझर, तोच उदास आवाज. फक्त माझ्या कॅसेटची खरखर नव्हती. मी स्क्रीनवर पाहिलं. भलतंच नाव, भलतेच चार काजळवाले पुरुष.

"ॲप खोटं असू शकते," मी म्हटलं.



"आणि हे गाणं," सुमंत अगदी हळू म्हणाला, "त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं आहे, काका. जगभर हेच वाजते. त्या बँडचे जुने चाहते म्हणतात, हे सोडून दुसरं ऐका."

नानाजी कान देऊन ते गाणं ऐकत होते. मग म्हणाले, "यात अन् त्या पोस्टमनमंधी फरक काय आहे? मले तर दोन्ही सारखेच रडके वाटते."

सगळ्यात आधी हसली ती अनुसया. तोंडाला पदर लावून हसली, मग पदर सोडून हसली. "इतकी वर्षं मले घोळक्यातली म्हणत होते," ती कामिनीबाईंना म्हणाली. "अन् स्वतः दुसऱ्या घोळक्यात उभे."

कामिनीबाईंना पोस्टमन कोण हे माहीत नव्हतं, पण डोळे पुसता पुसता त्याही हसल्या. सुमंतचे वडील मात्र अजून उभेच होते. मी उठून त्यांच्यासमोर गेलो. पाइपाला हात लावून गळती सांगणारा माणूस मी, आणि गळती माझ्याच कानात होती.

"चुकलो मी," मी म्हटलं. "पोरगा चांगला आहे. मला वाईट वाटू नये म्हणून तो लग्न मोडेपर्यंत गप्प बसला. माझ्या घरात असं कोणी नाही, सगळे तोंडावर बोलतात. बसा. तुम्ही बसल्याशिवाय मीही बसत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नानाजींकडे पाहिलं.

"अन् वावराचं?"

"वावर जागच्या जागीच आहे," नानाजी म्हणाले आणि सातबारा घडी करून परत शर्टात सरकवला. "बसा तुम्ही. पुऱ्या थंड्या होऊन राहिल्या."

ते बसले. पेढा डब्यातून पुन्हा बाहेर आला. जेवताना मी सुमंतला एकच विचारलं, की कोणी शिकवलेलं सोडून आता खरं सांग, तुला दोन्हींतलं कोणतं आवडलं.

त्याने दामिनीकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"पोस्टमन, काका."

मी पुरी मोडून तोंडात टाकली. कोणत्या तोंडाने बोलणार होतो?

उमरेडला साखरपुडा झाला. हॉलमध्ये जेवणं आटोपल्यावर अनुसयाच्या फर्माइशीवरून डीजेने 'नेऑन पोस्टमन' लावलं. त्या भल्या मोठ्या स्पीकरवर मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. दामिनी नाचत होती, सुमंत नाचत होता, कामिनीबाई आणि अनुसया एकमेकींचा हात धरून गोल फिरत होत्या. मी खुर्चीवर बसून होतो. हाताची घडी, तोंड गंभीर, नजर समोर. शेजारी नानाजी मसाला सुपारी चघळत होते. मधेच ते वाकून माझ्या खुर्चीखाली पाहायला लागले.

"रुपराव, काय झालं गा पायाले? मघापासून हलून राहिला."

"मुंग्या आल्या, भाऊ," मी म्हटलं. "बसून बसून."