कॅरियरवरचा सोमवार

दिवाळीची सुट्टी लागली आणि सावेडीच्या सूर्यभान मास्तरांनी जाहीर केलं, की यंदा सायकलवर भंडारदऱ्याला जायचं, तेही जोडीनं. साल एकाहत्तर. मास्तर पुढे, साळूबाई मागे कॅरियरवर, दशम्यांची पिशवी हँडलला. शेजारणी बघायला जमल्या तेव्हा साळूबाईंनी पदर असा ओढला, की रस्ता दिसायला राहुरी उजाडली.

तिसरा दिवस सोमवारचा. नणंदेचं लग्न जमावं म्हणून साळूबाईंनी सोळा सोमवार धरले होते, आणि भक्तीच्या भरात त्यात दिवस मावळेपर्यंतचं मौनही घातलं होतं. आजचा चौदावा. एक शब्द सुटला की पुन्हा पहिल्यापासून, आणि तिकडे मुलाकडचे बघून गेलेले, निरोप यायचा बाकी. मौनाचा मास्तरांना काहीच जाच नव्हता. घरात बोलायचं काम त्यांचंच असे.

दुपार कलल्यावर राजूरच्या अलीकडे चढ लागला. मास्तरांना धाप लागलेली पाहून साळूबाई हळूच खाली उतरल्या. सायकल एकदम हलकी झाली.

"बघ," मास्तर पुढे बघतच म्हणाले, "तीन दिवसांत पोटऱ्या कशा तयार झाल्या. चढ कळत नाही आता."

आणि पोटऱ्यांचं कौतुक सांगत ते चढ चढून पलीकडे उतरूनही गेले. साळूबाई धावल्या, टाळ्या वाजवल्या. हाक मारणं तर बोलूनचालून बंद, आणि एरवी तरी नवऱ्याला नावानं हाक मारायची कशी?

रस्त्याकडेच्या वस्तीवर आक्काबाई नावाची म्हातारी नागली पाखडत होती. परकी बाई एकटी, घामाघूम, मुकी. आक्काबाईनं भाकरी पुढे केली; साळूबाईंचा उपास, त्यांनी मान हलवली. मग त्यांनी मातीत बोटानं 'मौन' असं लिहिलं. जमलेल्या बायकांनी अक्षराची तारीफ केली. वाचणारा वस्तीत एकच, पोलीसपाटील आसाराम, आणि तो राजूरच्या बाजाराला गेलेला.

"अन्नावरची वासना उडलीय," आक्काबाईनं निकाल दिला. "नवऱ्यानं टाकलीय हिला."

तासाभरानं आसाराम परतला तो मास्तरांना सायकलसकट धरूनच. रस्त्यानं एक माणूस एकटाच बोलत चाललेला त्याला दिसला होता. कुणाशी बोलता, असं विचारलं, तर म्हणाला बायकोशी. आसारामनं रिकामं कॅरियर दाखवलं, तेव्हा त्या माणसानं वाकून सायकलच्या खालीही बघितलं. वेडा रस्त्यावर मोकळा सोडणं पोलीसपाटलाला शोभत नाही.

मास्तरांनी बायकोकडे बोट दाखवून मौनाची हकिगत सांगितली. साळूबाईंनी जोरानं मान डोलावली आणि मातीकडे बोट दाखवलं; त्या अक्षरांवरून एव्हाना कोंबड्या फिरून गेल्या होत्या.

"भ्याली हाय ती," आक्काबाई म्हणाली. "सोमवार आमीबी धरतो. म्हनून काय मुकं ऱ्हातो व्हय?"

आसारामला एक युक्ती सुचली. "बरं, आज मौन. मग काल काय बोलल्या बाई? त्येवढं सांगा, सोडतो."

मास्तरांनी डोळे मिटले, कपाळ चोळलं. काल आपण काय बोललो ते त्यांना राहुरीपासून तोंडपाठ होतं. बायकोचं एक वाक्य आठवेना.

"मंजी ही बाई तुमची न्हाईच," आसाराम म्हणाला, आणि मास्तरांना राजूरच्या चौकीवर न्यायला सायकल वळवली. साळूबाईंनी डोंगराकडे पाहिलं. सूर्य अजून हातभर वर. एक शब्द बोलावा, तर नणंद जन्मभर घरात. न बोलावं, तर नवरा कोठडीत. त्यांनी धावत जाऊन दोन्ही हातांनी कॅरियर धरलं आणि पाय रोवले. पुढे पोलीसपाटील ओढतोय, मागे साळूबाई, मध्ये मास्तर. आक्काबाईच्या सुनांना वाटलं बाईला सायकल हवीय, म्हणून त्याही कॅरियरला लागल्या.

अशी ओढाताण चालली असतानाच सूर्य डोंगराआड गेला. साळूबाईंनी हात सोडले, पश्चिमेला जोडले, आक्काबाईच्या तांब्यातून घोटभर पाणी घेतलं आणि घसा खाकरला. सुनांनीही कॅरियर सोडलं.

"बोला बाई," आसाराम म्हणाला. "ह्यो तुमचा मानूस हाय का न्हाई?"

मास्तर केविलवाण्या चेहऱ्यानं बघत होते. लग्नाला बारा वर्षं झाली, पण साळूबाईंच्या तोंडून शब्द पडण्याची एवढी वाट त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"थांबा," साळूबाई शांतपणे म्हणाल्या. "घाई करू नका. मला जरा नीट बघू द्या."

आणि त्यांनी सावकाश दुसरा घोट घेतला.