गोणीतलं प्रकरण

"कमळाकरदादा आला!" देवकी ओट्यावरून ओरडली, तेव्हा चंदाताईंच्या हातात त्यांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण होतं. मुरबाडच्या मोर्चात घसा फोडून भाषण करणाऱ्या ताईंना ही आठ पानं लिहायला सहा वर्षं लागली होती, कारण ती त्यांच्या आणि देवकीच्या संसाराची होती. उद्या ती प्रकाशकाकडे जायची होती. देवकीच्या भावाला मात्र या दोघी नुसत्या मैत्रिणी वाटत. ताईंनी कागद पडवीतल्या पाचोळ्याच्या गोणीत कोंबले आणि चहा टाकला.

दादांनी तीनदा चहा घेतला, चारदा "एकट्या कशा राहता हो दोघी?" असं विचारलं आणि दुपारच्या एसटीने गेले. ताई पडवीत धावल्या. गोणी गायब.

"दादा चहा पीत होता तेव्हाच शेजारची सुंदरा घेऊन गेली," देवकी म्हणाली. "तिच्या जावेचा, गोजरचा राब भाजायचाय ना आज. मीच म्हटलं, ने."

ताई अनवाणी गोजरच्या शेताकडे पळाल्या. राबावर, म्हणजे भाताचं बी पेरायच्या जागेवर, पाला धडधडून पेटला होता.

"विझवा!"

सुंदराने घाबरून हंडाभर पाणी ओतलं. अर्ध्या राबाचा चिखल झाला.

"काय झालं गो ताई?"

"गोणीत कागद होते."

"कसले?"

"माझे नि देवकीचे. म्हणजे... आम्ही नुसत्या मैत्रिणी नाही गं. संसार आहे आमचा."

"ते ठाव हाय सगल्यांना. कागद कसले ते इचारलं."

ताई बांधावर बसल्या. तेवढ्यात गोजर हसत आली आणि पदराआडून कागद काढले. "पाला आदी वतून बगतो आमी, इच्चू असतो. वाचलं पन मी. तुमीच शिकवलंय ना? पन एक चुकलंय."

"काय?"

"‘आम्हाला एकमेकींशिवाय कोणी नव्हतं’ म्हने! देवकीताई तापली तवा डोली कोनी उचलली? रस्त्यापरत खांदा नाय बदलला मी!"

ते वाक्य कोळशाने खोडलं होतं. खाली, ताई साक्षरता वर्गात गोजरच्या पाटीवर लिहीत तोच शेरा वाकड्या अक्षरांत होता: ‘पुन्हा लिहा.’

ताईंना रडू आलं. इतकी वर्षं लपवत राहिल्याची लाज वाटली, आणि या बायकांचे उपकार कसे मानावेत ते कळेना. त्यांनी बांधावरच वाक्य पुन्हा लिहिलं आणि पान गोजरपुढे धरलं.

गोजरने एकेका अक्षरावर बोट ठेवत ते वाचलं, मान डोलावली आणि राबाच्या चिखलाकडे पाहिलं.

"पास. आता देवकीताईला बी बोलवा, दोघी चला नवा पाला गोला करायला. कागद तेवढं घरी ठेवा."