नेहमीचा आहार

आमच्या ह्यांची साखर काठावर आली. डॉक्टरांनी कागदावर 'प्री-डायबेटिस' लिहिलं. म्हणजे डायबेटिस अजून आलेला नाही, पण त्याला पाट मांडून झालाय. थोरल्या दिरांचा पाय साखरेनेच गेला. म्हणून मी चहा फिका केला आणि ह्यांना रोज सकाळी दिंडोशीच्या आमच्या वसाहतीला तीन फेऱ्या मारायला लावल्या.

त्याच आठवड्यात एका कंपनीने साखर उतरवणाऱ्या भुकटीची चाचणी लावली. निम्म्यांना खरी भुकटी, निम्म्यांना नुसतं पीठ. कोणाला काय, ते गुप्त. रक्त फुकट तपासतात म्हणून मीच ह्यांचं नाव घातलं.

महिन्याने कंपनीचा हर्षद आला. गळ्यात ओळखपत्र, तोंड सुतकी.

"काकी, काकांची साखर उतरलीय."

"मग पेढे आण की!"

"ते पीठवाल्या गटात आहेत. त्यांची उतरून चालणार नाही."

"ते गुप्त होतं ना रे?"

"तुमच्यामुळेच फुटलं! साखर एवढी उतरली म्हणून गट उघडून बघावा लागला."

त्याने नियम दाखवला: 'सहभागी व्यक्तीने चाचणीकाळात आपला नेहमीचा आहार व दिनक्रम बदलू नये.' नेहमीचा आहार ह्यांनी स्वतःच फॉर्मात भरलेला: चहा चार वेळा, दोन-दोन चमचे साखर, रविवारी पाव किलो जिलबी. चालणे: नाही.

घरातल्या बाईचा शब्द आयुष्यात न ऐकलेला माणूस, छापील कागदापुढे हात जोडून उभा! "विज्ञानाचं काम आहे," म्हणाले आणि जिलबी आणायला गेले. रिक्षाने.

मी ती जिलबी कचऱ्यात टाकली. ह्यांनी ते इमानेइतबारे कंपनीला कळवलं. लगेच पत्र आलं: 'सहभागी व्यक्तीच्या पत्नीकडून आहारात हस्तक्षेप होत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी त्यांना समज द्यावी.' शिवाय दर रविवारी जिलबी पोटात गेल्याची खूण करायला श्वेता नावाची मुलगी येऊन बसू लागली.

चौथ्या महिन्यात ह्यांच्या साखरेने काठ ओलांडला. हर्षदला आनंद मावेना. "काका, तुमच्यामुळे फरक सिद्ध झाला!" भुकटीवाल्यांची साखर होती तिथेच, ह्यांची वर. भुकटीच्या डब्यावर 'सिद्ध' छापून आलं.

हे घरी येऊन आपल्याच पावलांकडे बघत बसले. "माझं दादासारखं नाही ना होणार गं?"

मी फॉर्म फाडला, चपला पुढ्यात टाकल्या. "उठा."

सहा महिने मी ह्यांच्याबरोबर चालले. साखर पुन्हा खाली आली. ते लिहून घ्यायला कोणी मेलं फिरकलं नाही.

परवा शेजारच्या वनमालाने जिन्यात अडवलं. "भावोजींची साखर कशाने उतरली गं?"

"चालून. गोड बंद करून."

"ते सगळेच सांगतात. वर काय घेतात, ते सांग ना!"

तिला तरी काय बोलायचं? तुम्हीसुद्धा डब्याचं नाव येईल म्हणूनच इथवर वाचत आलात.