महाजन सरांना मी वर्गाबाहेर काढलं

महाजन सरांना मी एकदा वर्गाबाहेर हाकललं होतं, आणि तेही साठीच्या वयात मुकाट्याने जाऊन व्हरांड्यात उभे राहिले!

त्याचं असं झालं. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या आमच्या बी.एड. कॉलेजात मराठी विषय घेऊन शिकणारी मी एकटीच, आणि तो शिकवायला महाजन सर. खऱ्या शाळेत पाठ घेण्याआधी कॉलेजात सराव असतो, त्यात सोबतचे लोकच विद्यार्थी होऊन बाकांवर बसतात. माझ्यापुढे कोण बसणार? सर म्हणाले, "मी बसतो ना. कितवी पाहिजे?"

पहिल्या बाकावर बसले की सर हुशार शोभा व्हायचे, मधल्या बाकावर खोडकर किसना. गुडघे धरत इकडून तिकडे. एकदा किसनाने इतका उच्छाद मांडला की मी ओरडले, "चल, बाहेर हो!" सर निघाले. तेवढ्यात प्रिन्सिपल मॅडम आल्या. "सर, आप बाहर कैसे?"

"बाईंनी काढलं," सर मान खाली घालून म्हणाले.

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठ संपल्यावर सरांनी माझीच हजेरी घेतली. "किसना सकाळी जेवून आला होता का, विचारलंस? अगं माय, पोरगं समोर आहे, पुस्तक नाही!" हे त्यांचं पालुपद.

"पण सर, किसना नाहीच आहे!"

"तुझ्या शाळेत असेल."

शाहपूरच्या माझ्या शाळेत तसले तीन निघाले. शाळा मात्र हिंदी. मराठीची जागाच नव्हती.

यंदा कळलं, कॉलेजात कोणी मराठी घेतली नाही तर विषय बंद. सर रिटायर झालेले, तरी लोधीपुऱ्यापासून बहादरपूरपर्यंत घरोघर फिरले. मुलींच्या घरचे चहा पाजायचे आणि म्हणायचे, "सर, मराठी लेके करेगी क्या?"

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी मी गेले. सर सकाळपासून ऑफिसबाहेर बसलेले. साडेचारला एक मुलगी धावत आली. सर उभेच राहिले. "मराठी?"

"नहीं सर, हिंदी."

सरांनी तिचा फॉर्म स्वतः भरून दिला. पाचला ऑफिस बंद झालं.

"जाऊ द्या सर," मी म्हणाले, "कॉलेजासाठी तुम्ही पुष्कळ केलं."

"कॉलेजासाठी कुठं, माझ्यासाठी केलं. तुझी काकू गेल्यापासून घरात मराठी बंद आहे गं. सून हिंदी बोलते, नातूही. जीव लावतात, नाही असं नाही. पण वाटलं, एक पोरगी आली तर वर्षभर बोलायला मिळेल."

मी म्हणाले, "सर, मी रविवारी येत जाईन."

"ये. मी भरीत करतो, बिघडतंच ते. काकू त्यावर तासभर बोलायची. नातू 'अच्छा है दादाजी' म्हणतो आणि उठतो."

पहिल्याच रविवारी गेले. भरीत खरं तर फार सुरेख झालं होतं. मी त्याला तासभर नावं ठेवली.