बापटकाका नंबर काढतात

एका आठवड्यात बापटकाकांनी चार वेळा दुधी खाल्ला, कारण कॉम्प्युटरने तो चार वेळा काढला. चंदीगडजवळ पंचकुल्यातल्या त्यांच्या घरी लॅपटॉपवर भाज्यांचा एक तक्ता आहे. रोज सकाळी काका डेटाबेसकडून एक रँडम नंबर मागून घेतात आणि त्या नंबरची भाजी करतात. "आता भेंडी तरी करा," मी म्हटलं, तर म्हणाले, "रँडम आहे ते. लाड करत नाही कुणाचे."

काका बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झालेले, एकटे राहतात. चिठ्ठ्या टाकून निवडण्यावर त्यांचा भारी राग. "चिठ्ठीला घडी असते, आणि घडी घालणारा कुणाच्या तरी ओळखीचा असतो." त्यामुळे आमच्या मराठी मंडळाचं पुढच्या महिन्याचं जेवण कुणाकडे, हे तेच काढतात. त्यासाठीच्या दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक कुटुंबाला एक नंबर आहे, आणि पुढचं घर ठरल्याशिवाय कुणी जेवायचं नाही.

आता आम्ही बहुतेक फौजी. दोन-तीन वर्षांत शेजारच्या चंडीमंदिर छावणीतून बदली ठरलेली. माणसं जातात, पण काका तक्त्यातली त्यांची ओळ पुसत नाहीत. मग पानं वाढलेली असताना नंबर थेट आसामात, तेजपूरला गेलेल्यांवर जाऊन पडतो, आणि काका फोन स्पीकरवर टाकतात. "अभिनंदन, पुढचं जेवण तुमच्याकडे."

"काका, आम्हाला तिथून येऊन दोन वर्षं झाली."

"ठाऊक आहे. पण नंबर तुमचा आलाय. छोटीला दात आले का?"

दात, सासूबाईंचे गुडघे, तिकडची थंडी, सगळं होईपर्यंत बटाट्याची भाजी गार. मग दुसरा नंबर. तो जोधपूरचा. आमचे चिरंजीव कोपऱ्यातून "अंकल, भूख लगी है" म्हणत राहायचे.

लग्नाआधी मीही डेटाबेसवरच काम करायचे. एकदा काका हात धुवायला गेले तेवढ्यात मी त्यांच्या लॅपटॉपवर एक अट घुसवली: बदली झालेले वगळ. पहिल्याच फटक्यात तिथल्याच पवारांचा नंबर आला. टाळ्या पडल्या, सगळे जेवायला बसले. काका मात्र स्क्रीनकडे बघत होते. अट त्यांना दिसली होती. फोन हातात तयारच होता.

"आज लवकर आटपलं," एवढंच म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. निघताना ती अट मी गुपचूप काढून टाकली.

गेल्या वर्षी आमचीही बदली झाली. नवं गाव, ओळख कुणाशी नाही, हे कायम ड्यूटीवर. परवा रविवारी दुपारी फोन वाजला. मागे ताटांचा आवाज येत होता, आणि कुणीतरी वैतागून "काका, पुरे आता" म्हणत होतं.

"एकतीस नंबर," काका म्हणाले. "अभिनंदन."

मी गॅस बारीक केला.

"आज काय केलंयस?"

"दुधी," मी म्हणाले.

"बरं. इकडे सगळे भुकेले बसलेत, बसू देत. तू बोल."